कडेवरचा कनेक्टर सोल्डर करताना उष्णता जाते कुठे?

छोट्या सर्किट बोर्डावर सगळ्यात जास्त छळ कुणाचा होत असेल तर तो कडेवर बसवलेल्या कनेक्टरचा, हे माझं ठाम मत आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी एकदा बसले की बसले, त्यांना परत कोणी हात लावत नाही, पण कनेक्टरला माणूस रोज ओढतो, पिळतो, वाकडा घालतो, आणि तो सगळा जोर शेवटी येतो चार-पाच सोल्डर जॉइंटवर (वितळवलेल्या मिश्रधातूने केलेल्या जोडांवर) आणि त्यांच्या खालच्या तांब्यावर, जे साध्या बोर्डावर ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. केसापेक्षा पातळ. त्यामुळे हा जॉइंट नीट झालाय की नुसता दिसायला नीट आहे, यात फार मोठा फरक पडतो आणि तो फरक बोर्ड आपल्या टेबलावर असेपर्यंत कळतच नाही.

आमचं वर्कशॉप नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत, एका गाळ्यात, स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं. मी, एक मावशी ज्या आधी एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होत्या, आणि डिप्लोमा झालेला एक मुलगा, एवढीच टीम. आम्ही मुख्यतः सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांची लेव्हल सांगणारे छोटे वायरलेस बोर्ड बनवतो, गच्चीवरची टाकी आणि खालचा पंप यांच्यात वायर न ओढता. रेडिओ ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये चालतो, आपल्याकडे त्याला ठरलेल्या पॉवरच्या मर्यादेत लायसन्स लागत नाही. बोर्ड काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आणि त्याच्या एका टोकाला अँटेनासाठी एसएमए, म्हणजे अँटेना फिरवून लावायचा आट्यांचा छोटा कनेक्टर, कडेवर. उभा कनेक्टर लावला तर डबी उंच होते आणि वायर वाकवावी लागते, कडेवरचा सरळ डबीच्या भिंतीतून बाहेर येतो म्हणून तोच.

आता हा कनेक्टर कसा असतो ते बघा. पितळेची बॉडी, वर सोन्याचा किंवा निकेलचा मुलामा, मागे चार पाय, दोन बोर्डाच्या वर आणि दोन खाली, बोर्ड मधल्या खाचेत सरकतो, आणि मध्ये एक बारीक पिन जी सिग्नलच्या ट्रेसवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर टेकते. चारही पाय ग्राउंड, म्हणजे सर्किटची शून्य व्होल्टची बाजू. म्हणजे एकीकडे पितळेचा चांगला जाड तुकडा आणि दुसरीकडे बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं ग्राउंडचं तांबं, आणि या दोघांच्या मध्ये तुम्हाला सोल्डर वितळवायचंय. तुम्ही सोल्डरिंग आयर्नची बिट, म्हणजे तापलेलं टोक, टेकवली की उष्णता दोन्हीकडे पळते. नेहमीचा रेझिस्टरचा पाय दोन-तीन सेकंदांत होतो म्हणून नवीन माणूस इथेही दोन-तीन सेकंद धरतो, सोल्डर वायर लावतो, ती बिटला लागून वितळते, पायावर गोळा बसतो, चकचकीत दिसतो आणि तो खूश होतो. पण तो गोळा पायावर नुसता बसलेला असतो, पॅडला, म्हणजे खालच्या तांब्याच्या तुकड्याला, धरलेलाच नसतो.

मग पुढची चूक अशी होते की सोल्डर धरत नाही म्हणून सोल्डरिंग स्टेशनचं टेंपरेचर वाढवतात. ३५० चं ४००, ४०० चं ४५०. मी हे इतक्या ठिकाणी बघितलंय, मोठ्या कंपन्यांच्या रिपेअर टेबलवर सुद्धा. सोल्डर वितळायला एवढं टेंपरेचर लागतच नाही हो. ६३/३७ म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, ते १८३ डिग्रीला वितळतं. लेड-फ्री मध्ये आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते एसएसी३०५, त्यात ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं आणि बाकी कथील, ते २१७ ते २२० ला. तुमची बिट ३५० वर आहे म्हणजे टेंपरेचर भरपूर आहे, कमी पडतोय तो उष्णतेचा पुरवठा. सेकंदाला किती उष्णता बिटमधून जॉबमध्ये जाते ते बिट किती रुंद टेकते, तिच्यावर ओलं सोल्डर आहे का आणि बिटमागचा हीटर किती वॅटचा आहे यावर ठरतं. टोकदार सुईसारख्या बिटने ४५० वर तुम्ही फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारी राळ) जाळता, बिट काळी करता, पॅड सोडवता, आणि तरीही पितळ गार ते गारच.

पॅड सुटण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बोर्ड ज्याचा बनतो ते एफआर-४ म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. साध्या एफआर-४ चं इपॉक्सी १३०-१४० डिग्रीच्या पुढे मऊ व्हायला लागतं, हाय-टीजी (जास्त टेंपरेचरला मऊ होणारं) म्हणून जे घेतो ते १७० च्या आसपास. म्हणजे सोल्डर वितळलेलं असताना खालचं इपॉक्सी कधीच मऊ झालेलं असतं आणि तांब्याची पकड कमी झालेली असते. त्या वेळी कनेक्टर सरळ करायला म्हणून कोणी जोर लावला की पॅड उचलला. लगेच दिसत नाही, थंड झाल्यावर परत बसल्यासारखा वाटतो, आणि मग कधीतरी अँटेना फिरवताना हातात येतो.

आम्ही काय करतो ते सांगते. एक, रुंद छिन्नीसारखी बिट, २.४ किंवा ३.२ मिमीची, स्टेशन ३५० वर, लेड-फ्रीला ३७० पर्यंत, त्याच्यावर नाही. आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, खालून प्रीहीटर. बोर्ड आधी शंभर-एकशेदहा डिग्रीला आणायचा, कनेक्टर अडकवलेल्या अवस्थेतच, म्हणजे पितळही गरम होतं. तवा नीट तापल्याशिवाय भाकरी टाकली तर खालून करपते आणि मध्ये कच्ची राहते, तेच इथे होतं. बोर्ड आधीच गरम असला की बिटला फक्त वरचा उरलेला फरक भरायचा असतो आणि जॉइंट चार-पाच सेकंदांत वाहतो. प्रीहीटर महाग मिळतो हे खरं आहे पण छोटी अ‍ॅल्युमिनियमची हॉटप्लेट मिळते तिच्यावरही काम होतं, फक्त टेंपरेचर थर्मोकपल (टेंपरेचर मोजायची वायर) लावून मोजा, डिस्प्लेवर दिसतं त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सोल्डर कधी धरलं ते कसं ओळखायचं? मावशी नवीन मुलाला शिकवत होत्या तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा जास्त पटलं. "वायर बिटला लावू नकोस रे, पायाच्या दुसऱ्या बाजूने लाव. तिकडून वितळली तर समज पाय गरम झालाय." एवढंच. बिटला आधी थोडं सोल्डर, म्हणजे उष्णता जायला ओला पूल मिळतो, आणि मग खरी वायर समोरून. ती स्वतःहून आत ओढली गेली पाहिजे, पाय आणि पॅडच्या मध्ये.

क्रम पण महत्त्वाचा आहे आणि यावर लोकांचे वाद आहेत. बरेच जण मधली पिन आधी टाकतात कारण त्यामुळे कनेक्टर जागेवर बसतो. मी पिन शेवटी घ्यायला सांगते. कारण असं की एसएमएच्या आत पिनभोवती पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन असतं, ते ३२७ डिग्रीपर्यंत वितळत नाही पण गरम झालं की पितळापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, आणि चार पाय करताना पूर्ण बॉडी तापते. पिन आधीच पक्की केलेली असेल तर एकतर तिचं सोल्डर परत वितळतं नाहीतर ती ताणात गोठते. त्यापेक्षा वरचा एक पाय टॅक करा, म्हणजे थोड्या सोल्डरने तात्पुरता अडकवा, पलटा, बोर्डाची कड बॉडीला चिकटलीय का आणि पिन ट्रेसच्या मधोमध आहे का ते भिंगातून बघा, मग तिरका समोरचा खालचा पाय, मग बाकीचे दोन, मग पहिला टॅक केलेला पुन्हा नीट, आणि बॉडी जरा निवली की पिन. पिनला अगदी थोडं सोल्डर. तिथे गोळा झाला की तो कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढवतो आणि ५० ओहमची लाइन, म्हणजे अँटेनाशी जुळवलेली सिग्नलची वाट, तेवढ्या जागी ५० ओहम राहत नाही.

सोल्डर करताना समोर एक जुना स्टीलचा जोड-कनेक्टर हलकेच फिरवून ठेवतो, म्हणजे आतली पिन मध्यावर राहते. स्टेनलेस स्टीलचाच का, तर स्टील पितळेपेक्षा उष्णता खूप कमी वाहून नेतं, पितळेचा लावला तर तोही उष्णता खात बसतो. आणि काम झालं की फुंकर मारायची नाही, उचलायचं नाही. एवढं पितळ बराच वेळ गरम राहतं, सोल्डर गोठल्यासारखं दिसतं आणि आत अजून मऊ असतं, तेव्हा हललं की दाणेदार खरखरीत जॉइंट मिळतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा की लेड-फ्री मुळातच जरा मंद, करडं दिसतं, त्यामुळे चमक बघून पास-नापास करू नका, कडा बघा. सोल्डरची कड पॅडवर पातळ होत पसरलेली असली पाहिजे, पाण्याच्या थेंबासारखी गोल वळून आत गेलेली असेल तर तो ड्राय सोल्डर, कितीही चमकला तरी.

पण खरं सांगू का, अर्धं काम आयर्न हातात घ्यायच्या आधी ठरलेलं असतं. बोर्डाची जाडी आणि कनेक्टरची खाच जुळली पाहिजे. १.६ मिमीचा बोर्ड म्हटलं तरी साधारण दहा टक्के कमी-जास्त चालतं असं धरून बनवतात, म्हणजे १.४४ पासून १.७६ पर्यंत काहीही हातात येऊ शकतं, त्यात सोल्डरचा लेप असलेला फिनिश म्हणजे एचएएसएल घेतला तर त्याची जाडी पॅडवर सगळीकडे सारखी नसते. सोन्याचा फिनिश, एनिग, सपाट येतो म्हणून कडेच्या कनेक्टरला तोच बरा. आणि ०.८ मिमीच्या बोर्डाला १.६ चा कनेक्टर लावून उरलेली फट सोल्डरने भरायची हा प्रकार तर करूच नये. ०.८ आणि १ मिमीसाठी वेगळे कनेक्टर मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारलं तर पहिल्या दुकानात कदाचित १.६ चाच पुढे करतील, पण मिळतात. तिथे घेताना सोबत छोटा मॅग्नेट न्या. बॉडी पितळेची असेल तर मॅग्नेट ओढत नाही, निकेलच्या मुलाम्याने किंचित हलल्यासारखं होईल, पण टक् करून चिकटला तर आत लोखंड आहे, तो घेऊ नका.

कड कशी कापलीय हा दुसरा मुद्दा. एका पुरवठादाराकडून आमच्याकडे एक लॉट आला त्यात बोर्ड राउटिंगने, म्हणजे फिरत्या कटरने, कापायच्या ऐवजी व्ही-कटने तोडले होते. व्ही-कट म्हणजे दोन्ही बाजूंनी खाच आणि मध्ये उरलेला पापुद्रा मोडायचा, त्याने कडेला मध्ये एक खरबरीत कंगोरा राहतो. रेझिस्टरला त्याने काही फरक पडत नाही, पण कडेवरच्या कनेक्टरची बॉडी त्या कंगोऱ्यावर अडते आणि पॅडपासून लांब राहते. सगळे बोर्ड कानशीने घासावे लागले, ओल्या फडक्यावर आणि मास्क लावून, कारण ती काचेची धूळ आहे, श्वासात जाता कामा नये. तेव्हापासून ऑर्डर देताना ड्रॉइंगवर स्पष्ट लिहितो की कनेक्टरची कड राउट केलेलीच पाहिजे. आणि हे पण लिहितो की त्या कडेला तांबं जितकं जवळ आणता येईल तितकं आणा, कारण न सांगता दिलं तर बहुतेक जण कडेपासून ०.२-०.३ मिमी तांबं मागे घेतात.

डिझाइन करताना सॉफ्टवेअर ग्राउंडच्या पॅडला आपोआप थर्मल रिलीफ देतं, म्हणजे पॅड आणि प्लेन (पसरलेलं ग्राउंडचं तांबं) यांच्यामध्ये बारीक चार काड्या. सोल्डर करायला सोपं जातं खरं, पण कनेक्टरच्या पायांना मला ते नको असतं. सगळा पिळ त्या काड्यांवर येतो आणि सिग्नलच्या दृष्टीनेही ग्राउंड तुटक होतो. मी पॅड सरळ प्लेनला पूर्ण जोडते आणि आजूबाजूला ०.३ मिमीच्या व्हायांची रांग घालते. व्हाया म्हणजे वरचं आणि खालचं तांबं शिवणाऱ्या नळ्या, त्या पॅडला खाली धरूनही ठेवतात, उचलू देत नाहीत. उष्णता जास्त ओढली जाते, हो, पण त्यासाठी प्रीहीटर आहेच.

आमच्या फ्रिक्वेन्सीला म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झला एफआर-४ वर तरंगाची लांबी १९ सेंटीमीटरच्या आसपास येते, त्यामुळे कनेक्टरपाशी एखाद-दोन मिमीची गडबड फारशी जाणवत नाही. २.४ गिगाहर्ट्झला जाणवायला लागते आणि ५.८ ला तर नक्कीच. १.६ मिमीच्या दोन लेयरच्या बोर्डावर ५० ओहमसाठी साधा ट्रेस ३ मिमीच्या आसपास रुंद लागतो आणि पिन असते त्याहून बरीच बारीक, म्हणून बाजूचं ग्राउंड जवळ आणून ट्रेस अरुंद करायचा, म्हणजे पिनला उतरताना एकदम पायरी लागत नाही. तपासायला नॅनोव्हीएनए, म्हणजे सिग्नल किती परत फिरतो ते मोजणारं छोटं यंत्र, पुरतो. रिटर्न लॉस २० डीबी आला म्हणजे पॉवरचा फक्त एक टक्का परत येतोय, आमच्या कामाला भरपूर. मी लॉटमधून काही बोर्ड असे मोजते आणि मोजताना केबल हलकी हलवून बघते. आकडा नाचला तर जॉइंट कच्चा आहे, मग तो मल्टीमीटरवर कितीही बीप देऊ दे.

पावसाळ्याचं वेगळंच. जुलैमध्ये खाडीकडून येणारी हवा म्हणजे सगळंच दमट, आयपीएने (साफ करायच्या अल्कोहोलने) पुसलं तरी बोर्डावर पांढुरकं राहतं कारण आयपीए उडताना गार होऊन हवेतलं पाणी धरतं. उघडे पडलेले बोर्ड ओलावा पितात, ते १०५-११० डिग्रीला काही तास भाजून मगच प्रीहीटरवर घेतो. आणि फ्लक्स साफ करताना कनेक्टरचं तोंड वर धरायचं, नाहीतर सगळा विरघळलेला फ्लक्स आटे आणि टेफ्लॉनमध्ये जाऊन बसतो, तिथून तो नंतर कोणीच काढू शकत नाही.

डीबी९, म्हणजे नऊ पिनचा कनेक्टर, पण आम्ही कडेवर लावतो, आरएस४८५ (वायरवरून डेटा पाठवायची पद्धत) च्या बोर्डांना. त्यासाठी खास कनेक्टर लागत नाही, वायर लावायचा कप असलेला साधा डीबी९ घ्यायचा, त्याच्या दोन ओळींमध्ये १.६ चा बोर्ड बरोबर सरकतो, वर पाच पिन आणि खाली चार. पॅडवर आधी सोल्डर चढवून ठेवू नका, जाडी वाढते आणि बोर्ड आत जात नाही. इथे त्रास उलटा आहे, पितळेचा गोळा नाही पण प्लॅस्टिक मऊ होतं. स्वस्तातल्या डीबी९ चं प्लॅस्टिक बऱ्याचदा पीबीटी असतं, ते २२५ च्या आसपास वितळतं, म्हणून लगतच्या पिन ओळीने करायच्या नाहीत, एक सोडून एक. यूएसबी-सीचा बोर्डाच्या खाचेत बसणारा प्रकार आता मागतात लोक, त्याच्या पिन अर्ध्या मिमीच्या अंतरावर, तिथे आधी धातूच्या कवचाचे पाय आणि मग भरपूर फ्लक्स लावून बिट ओढत नेणं, दुसरा उपाय नाही.

एक गोष्ट मी सगळ्यांना पोटतिडकीने सांगते. धूर. तो शिशाचा नसतो, एवढ्या टेंपरेचरला शिशाची वाफ म्हणण्यासारखी होत नाही, तो राळेचा म्हणजे फ्लक्सचा असतो आणि वर्षानुवर्षं नाकात गेला तर दमा होऊ शकतो, हे नीट सिद्ध झालेलं आहे. नुसता पंखा लावून धूर शेजारच्या टेबलावर ढकलण्यात अर्थ नाही, नळी तोंडाजवळ आणून ओढून बाहेर काढणारा एक्झॉस्ट लावा. शिसं जातं ते हातातून पोटात. दुरुस्तीला आलेल्या जुन्या बोर्डांसाठी आमच्याकडे ६३/३७ चा रोल वेगळ्या टेबलावर, वेगळ्या बिटसकट ठेवलेला आहे, बाहेर जाणारा माल सगळा लेड-फ्री. त्या टेबलावर चहासुद्धा नाही. मावशी डबा उघडायच्या आधी त्या मुलाला साबणाने हात धुवायला पाठवतात आणि परत आला की हात बघतात.

राहिला जोराचा प्रश्न. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून आमचे बोर्ड परत आले, पॅडसकट कनेक्टर उपटलेले. सोल्डर शाबूत होतं, तांबंच फाटलं होतं. गच्चीवर अँटेना लावणाऱ्याने अँटेनाची दांडी मुठीत धरून ती पिळून घट्ट केली होती. एसएमए फक्त नटाने घट्ट करायचा, ८ मिमीचा पाना लागतो, बॉडी दुसऱ्या हाताने धरायची, आणि पितळेच्या एसएमएला अर्धा न्यूटन-मीटर म्हणजे दोन बोटांनी पाना ओढण्याइतकाच जोर पुरतो. हे कागदावर छापून दिलं तरी गच्चीवर तो कागद कोण वाचणार. म्हणून आता माझा नियम असा, बोटभर लांबीची रबरी अँटेना असेल तर कडेवरचा एसएमए, डबीच्या भिंतीतून बाहेर आणून भिंतीवर नट लावून, म्हणजे पिळ डबी घेते. गच्चीवरची लांब अँटेना असेल तर कडेवरचा कनेक्टर नकोच, डबीलाच बल्कहेड एसएमए, म्हणजे भिंतीला नटाने बसणारा, आणि आतून बारीक केबलने बोर्डावरच्या यू.एफएल या अगदी छोट्या कनेक्टरला. यू.एफएल फक्त ३० वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे टेस्टिंगला तो सारखा काढू नये, एकदाच लावावा आणि वर सिलिकॉनचा थेंब द्यावा. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येतो तो घेऊ नका, त्यातलं अ‍ॅसिड तांब्याला खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेला मागा.